एकाच संघाचे दोन करार: स्टार खेळाडू कधी घ्यावा?

१ जुलै २००९ रोजी शिकागो ब्लॅकहॉक्स या आइस हॉकी संघाने मारियान होसा या तिशीतल्या स्लोव्हाक फॉरवर्डशी (आक्रमक खेळाडूशी) १२ वर्षांचा करार केला. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे मोसमाचे पहिले जवळपास दोन महिने तो खेळू शकला नाही. तरी जून २०१० मध्ये शिकागोने ४९ वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकला, आणि पुढे २०१३ व २०१५ मध्येही.

होसाचं कौतुक पुष्कळ झालं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच संघाचा आधीचा एक करार. २००५ च्या उन्हाळ्यात शिकागोने निकोलाय खबिबुलिन या गोलरक्षकाला ४ वर्षांसाठी २.७ कोटी डॉलर देऊ केले. २००४ साली टॅम्पा बेला स्टॅन्ली कप जिंकून देणारा हाच गोलरक्षक. म्हणजे नावात काही खोट नव्हती. पण त्या मोसमात शिकागो ६५ गुणांवर अडकला आणि तळाच्या तीन संघांत राहिला. क्लब तोच, शहर तेच, पैसा दोन्ही वेळा सढळ हाताने ओतलेला. खेळाडूंच्या गुणवत्तेतल्या फरकाने हे पूर्ण उलगडत नाही. संघ कोणत्या टप्प्यावर होता, ते बघावं लागतं.

आधी एक ढोबळ हिशेब. त्या काळी एनएचएलमध्ये प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळायचा आणि विजयाला २ गुण मिळायचे. गोलफरक आणि विजय यांचा मेळ घातला की साधारण ६ गोलांच्या फरकाला एक विजय पडतो. एखादा खरोखरीचा स्टार, त्याच्या जागी सहज मिळणाऱ्या सामान्य खेळाडूच्या तुलनेत, मोसमात तीनेक विजय जास्त मिळवून देतो असं धरू. म्हणजे ६ गुण.

हे ६ गुण दोन वेगवेगळ्या मोसमांत टाकून बघा. २००५-०६ मध्ये शिकागोच्या ६५ चे ७१ झाले असते. प्लेऑफ तरीही कोसो दूर. उलट ७० गुणांचा वॉशिंग्टन खाली गेला असता आणि नवोदित खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये (जिथे तळाच्या संघांना आधी निवड मिळते) शिकागोचा क्रमांक तिसऱ्यावरून चौथ्यावर घसरला असता. त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने घेतलेला मुलगा म्हणजे जोनाथन टेव्स, जो पुढे तिन्ही कपांच्या वेळी कर्णधार होता. (चौथ्या क्रमांकावर वॉशिंग्टनला निकलस बॅकस्ट्रॉम मिळाला, तोही अव्वल दर्जाचा, पण असा योग दरवर्षी येत नाही.) आता २००७-०८ घ्या. शिकागोचे ८८ गुण झाले, आणि पश्चिम विभागातून शेवटच्या जागेवर प्लेऑफ गाठणाऱ्या नॅशव्हिलचे ९१. इथे तेच ६ गुण संघाला थेट आत घेऊन गेले असते. एका मोसमात ज्या मदतीने नुकसान झालं असतं, त्याच मदतीने दोन वर्षांनी मोसमाचं सोनं झालं असतं. विजयांची किंमत सरळ रेषेत वाढत नाही. तळाशी ती जवळपास शून्य असते, कधी उणेही, आणि प्लेऑफच्या उंबरठ्यावर एकदम उसळी घेते.

दुसरी गोष्ट पैशाची. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, तशी एनएचएलमध्ये २००५ पासून वेतनमर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३.९ कोटी डॉलर होती, आणि खबिबुलिनचे वार्षिक ६७.५ लाख म्हणजे त्यातला १७ टक्क्यांहून मोठा वाटा. याउलट ड्राफ्टमधून आलेल्या कोवळ्या खेळाडूला पहिली तीन वर्षं ठरावीक तुटपुंज्या करारावर खेळावं लागतं. टेव्स आणि २००७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर घेतलेला पॅट्रिक केन यांचा मूळ पगार, बोनस सोडला तर, १० लाख डॉलरच्या आत होता. दोघं २००७ च्या शरद ऋतूत खेळू लागले. म्हणजे २००९-१० हे त्यांच्या स्वस्ताईचं शेवटचं वर्ष. होसा आला तो नेमका त्याच वर्षी, आणि खबिबुलिनचा करारही त्याच उन्हाळ्यात संपला. पुढच्या मोसमापासून टेव्स आणि केन प्रत्येकी ६३ लाख घेऊ लागले आणि कप जिंकलेल्या संघातून बफलिन, लॅड, व्हर्स्टीग यांना दुसरीकडे पाठवावं लागलं. खिडकी उघडी असते ती इतकीच.

तिसरं घड्याळ खेळाडूच्या वयाचं. नियमानुसार साधारणपणे २७ वर्षं किंवा लीगमधले सात मोसम पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू पूर्णपणे मुक्त होत नाही. त्यामुळे बाजारात आलेला फ्री एजंट बहुतेकदा ऐन भरात असतो किंवा त्याच्या पुढे सरकलेला असतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जेम्स ब्रँडर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा: फॉरवर्डचा कळस २७-२८ व्या वर्षी, बचावपटूचा २८-२९ व्या. त्याच्या आसपासची पातळी फॉरवर्ड ३२ पर्यंत टिकवतात, बचावपटू ३४ पर्यंत.

अशा अभ्यासात एक खाच असते आणि तीच मला सर्वांत रोचक वाटते. नुसती ३५ वर्षांच्या खेळाडूंची सरासरी काढली तर ती बरी दिसते, कारण ज्यांचा खेळ खालावला ते तोवर घरी गेलेले असतात. उरलेल्यांवरून वय काढलं की उतार सौम्य भासतो. म्हणून एकाच खेळाडूची त्याच्याच आदल्या वर्षांशी तुलना करावी लागते. हे ध्यानात न घेता ‘अमका छत्तिसाव्या वर्षीही चमकला’ असे दाखले देत लांबलचक करार करणाऱ्या व्यवस्थापकांना उतार दिसतो तो करार झाल्यावर.

शिवाय बोलीचा शाप आहेच. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन तेल अभियंत्यांनी दाखवलं की मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा मिळतो. प्रत्येकजण साठ्याचा अंदाज बांधतो, सर्वांत फुगलेला अंदाज असणारा सर्वांत मोठी बोली लावतो. फ्री एजंटांचा बाजार उघडतो त्या १ जुलैला हॉकीतही तेच घडतं. त्यात पडत्या संघाला वरचा भुर्दंड, कारण जिंकणारा संघ सोडून आपल्याकडे यायला स्टारला जास्त पैसे मोजावे लागतात.

या सगळ्याला छेद देणारं उदाहरण बोस्टनचं. २००६ मध्ये, ७४ गुणांच्या मोसमानंतर, त्यांनी २९ वर्षांच्या झ्डेनो चाराला ५ वर्षांसाठी ३.७५ कोटी डॉलर दिले. पुढच्या मोसमात गुण झाले ७६. हिशेबाने हा करार लवकरच झाला होता. पण चारा बचावपटू होता, त्याचा उतार उशिरा सुरू होणार होता, आणि कराराच्या पाचव्या वर्षी, २०११ मध्ये, बोस्टनने कप जिंकला तेव्हा तो ३४ वर्षांचा कर्णधार होता. लवकर घ्यायचाच असेल तर तो बचावपटू असावा, असं माझं मत याच उदाहरणामुळे बनलं आहे.

सध्या मात्र या हिशेबातला एक आकडा झपाट्याने हलतो आहे. २०२५-२६ ची वेतनमर्यादा ९.५५ कोटी डॉलर आहे आणि २०२७-२८ साठी लीगने ११.३५ कोटींचा अंदाज जाहीर केला आहे. वार्षिक १ कोटीचा करार २०२५-२६ च्या मर्यादेचा साडेदहा टक्के भाग खातो, २०२७-२८ मध्ये तोच नऊ टक्क्यांच्याही खाली येईल. त्यामुळे उंबरठ्यापासून एक मोसम दूर असलेल्या संघाने आत्ताच हात घातला तर मी त्याला घाई म्हणणार नाही. तीन मोसम दूर असलेल्याने घातला, तर मर्यादा कितीही वाढली तरी स्टारची चांगली वर्षं ६५ गुणांच्या मोसमांतच खर्ची पडतील.