टॉय कॅमेरा आणि जाडावत जाणारी स्पूल

होल्गासारख्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात दोन फोटो एकमेकांवर चढले किंवा त्यांच्यामध्ये बोटभर फिल्म कोरी गेली, की सगळं खापर स्वस्त बांधणीवर फुटतं. बांधणी स्वस्त आहेच, पण खरी गोम भूमितीत आहे.

फिल्म ज्या स्पूलवर गुंडाळली जाते, ती दर फेऱ्याला थोडी जाड होते, दोऱ्याचं रीळ भरत जावं तशी. ३५ मिमी फिल्मची जाडी साधारण ०.१४ मिमी. परीघ दर फेऱ्याला या जाडीच्या सव्वासहा पट, म्हणजे जवळपास ०.९ मिमी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समजा, रिकाम्या स्पूलचा व्यास १२ मिमी आहे. पहिला फेरा ३८ मिमी फिल्म ओढेल. वीस फेऱ्यांनंतर तोच एक फेरा ५५ मिमी ओढेल. होल्गाची चौकोनी फ्रेम, म्हणजे एका फोटोची जागा, सुमारे ५६ मिमी रुंद. म्हणजे सुरुवातीला एका फ्रेमला दीड फेरा लागतो, तर शेवटी एकात भागतं. होल्गा मुळात १२० नावाच्या रुंद फिल्मसाठी आहे; तिच्यात ३५ मिमीचा रोल घालून प्रत्येक वेळी सारखेच फेरे मारणाऱ्यांचे पहिले फोटो एकमेकांत घुसतात किंवा शेवटी फिल्म वाया जाते, ते यामुळे.

३५ मिमीसाठीच बनवलेला कॅमेरा फेरे मोजतच नाही. त्यातलं दातेरी चाक फिल्मच्या काठावरची छिद्रं मोजतं: दर फ्रेमला आठ छिद्रं, म्हणजे ३८ मिमी. स्पूल कितीही फुगो, अंतर बदलत नाही.

कोडॅकने १९०१ साली आणलेल्या १२० फिल्मला छिद्रंच नसतात. तिथे मोजमाप फिल्मच्या पाठीमागच्या कागदावर छापलेलं असतं आणि ते कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून वाचायचं. कागदावर आकड्यांच्या वेगवेगळ्या रांगा असतात, आणि त्यातली कुठली वाचायची ते खिडकीजवळचा बाण ठरवतो. होल्गाच्या पाठीवरचा बाण १६ वर आणि आत १२ फोटोंची चौकोनी चौकट, अशी गल्लत झाली की अख्ख्या रोलवर फोटोंच्या कडा एकमेकांवर चढतात. रोल भरतानाच बाण आणि चौकट जुळवून बाणावर चिकटपट्टी लावावी. तो सहज सरकतो. आकडा खिडकीच्या मधोमध आला की थांबायचं. पुढे गेलात तर मागे फिरवू नका, फिल्म सैल पडते.

सैलपणाचा त्रास वेगळाच. १२० फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते, कारण गुंडाळताना दोघांची लांबी तंतोतंत जुळत नाही. दोन्हीकडे चिकटवली तर फुगवटा येईल. भरलेली स्पूल मोकळी गरगरत असेल तर हा पट्टा ढिला गुंडाळला जातो आणि कडांतून प्रकाश शिरतो. भरल्या स्पूलखाली फोमचा किंवा दुमडलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला की हलका ताण राहतो. जाड तुकडा नको, कारण मग चाक फिरवणं अवघड होतं.

होल्गाच्या खटक्याला फिल्म पुढे सरकली की नाही, याचा पत्ताच नसतो, म्हणून एकाच जागी दोनदा फोटो निघू शकतो. फोटो काढला की लगेच गुंडाळायचं की पुढच्या फोटोआधी, यातलं एकच काहीतरी ठरवावं. मला दुसरं पटतं, कारण फिल्म नुकतीच ताणलेली असते, सपाट बसते.

छिद्रवाल्या फिल्मच्या टॉय कॅमेऱ्यात झाकण लावल्यावर परत गुंडाळायच्या खुंटीकडे नजर ठेवा. आधी ती हलकेच फिरवून ढील काढून घ्यायची, मग फिल्म पुढे न्यायची. खुंटी सोबत फिरली तर फिल्मचं टोक स्पूलमध्ये नीट बसलंय. जागची हलली नाही तर टोक सुटलंय, आणि पुढचे सगळे फोटो पहिल्याच तुकड्यावर साठणार.