मालकीची खूण वस्तूवरच

मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात एक शिलालेख आहे. धाकटा भाऊ क्युल तेगीन वारला, त्याच्या स्मरणार्थ तुर्कांचा सम्राट बिल्गे कागान याने इ.स. ७३२ मध्ये तो उभारला. ही लिपी १८९३ मध्ये डॅनिश अभ्यासक विल्हेल्म थॉमसन यांनी उलगडली. त्यात तो शोकाकुल भाऊ म्हणतो, पाहते माझे डोळे जणू पाहीनासे झाले.

'माझे डोळे' यासाठी तिथे एकच शब्द आहे: क्योझ्युम. क्योझ म्हणजे डोळा, आणि शेवटी 'म' येतो तो 'माझा' सांगायला. भावालाही तो 'इनिम' म्हणतो. इनी म्हणजे धाकटा भाऊ. आज इस्तंबूलमध्ये डोळ्याला ग्योझ म्हणतात आणि 'माझा डोळा' म्हणजे ग्योझ्युम. जवळपास १३०० वर्षांत तो 'म' जागचा हललेला नाही. साम्राज्यं गेली, लिप्या बदलल्या, आणि एवढासा प्रत्यय टिकला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठीत 'चा-ची-चे' लागतं ते मालकाला. तुर्की भाषा खूण करते ती वस्तूवर. एव म्हणजे घर, एविम माझं घर, एविमिझ आमचं घर. विभक्ती त्यानंतर: एविमदे, माझ्या घरात, एविमदेन, माझ्या घरातून. अनेकवचनाचा प्रत्यय या सगळ्यांच्या आधी येतो: एव-लेर-इमिझ-देन, आमच्या घरांमधून. हा क्रम मोडत नाही. आपलं 'घर' विभक्तीपूर्वी 'घरा' होतं, तसं सामान्यरूप तिकडे नाही. बदलतात ते प्रत्ययांतले स्वर. कोल म्हणजे हात, पण 'माझ्या हातात' सांगताना कोलुमदा. 'दे'चा 'दा' झाला. शब्दातला स्वर जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारतात की मागच्या, यावर ते ठरतं.

मालकाचं नाव घेतलं की खूण दोन्हीकडे होते. अलीनिन एवि, शब्दशः 'अलीचं त्याचं-घर'.

कधी मात्र दोन वेगळ्या साखळ्या एकाच रूपात येऊन मिळतात. एव-इन-दे म्हणजे तुझ्या घरात. एव-इ-न-दे म्हणजे त्याच्या घरात. इथला 'न' फक्त जोडणीचा. कानावर दोन्ही वेळा 'एविन्दे'च पडतं. संदर्भावरून उलगडा झाला नाही, तर 'सेनिन एविन्दे' (तुझ्या) किंवा 'ओनुन एविन्दे' (त्याच्या) असं स्पष्ट म्हणतात. पण तुर्कीत लिंगभेद नाही, म्हणून 'ओनुन' म्हटल्यावरही घर त्याचं की तिचं, हे पुढच्या बोलण्यावरूनच कळतं.