बहुवर्ग अध्यापन

बहुवर्ग अध्यापन : एकाच शिक्षकाने एकाच वेळी, बहुधा एकाच खोलीत, दोन किंवा अधिक इयत्तांच्या मुलांना शिकवण्याची पद्धती. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर त्यांना जोडवर्ग म्हणतात. वाडी-वस्तीवरील पहिली ते चौथीची शाळा दोन शिक्षकांवर चालत असेल तर ती द्विशिक्षकी शाळा होय आणि तिथे जोडवर्ग अटळ असतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत, विशेषतः कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली अशा विरळ वस्तीच्या भागांत, ही पद्धती नित्याची आहे. तरीही तिच्याकडे शिक्षकांच्या तुटवड्यातून आलेली तात्पुरती अडचण म्हणूनच पाहिले जाते आणि वेळापत्रक, पाठ्यपुस्तक, पाठ टाचण (शिक्षकाने लिहायचे पाठाचे नियोजन) हे सारे ‘एक इयत्ता, एक शिक्षक’ असे धरूनच तयार होते.

ही अडचण तात्पुरती नाही, हे कायद्यावरूनच दिसते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक सांगितले आहेत. म्हणजे पट (मुलांची नोंदलेली संख्या) ९० च्या आत असलेल्या चार इयत्तांच्या शाळेत किमान एक जोडवर्ग या तक्त्यातच गृहीत धरलेला आहे. याच अनुसूचीनुसार या इयत्तांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित असून त्याची सरासरी दिवसाला चार तास पडते. दोन इयत्ता हाती असलेला शिक्षक त्यांना आळीपाळीने शिकवू लागला, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला त्याचे दोनच तास येतात. उरलेल्या दोन तासांत मुले काय करतात, हा बहुवर्ग अध्यापनातील मुख्य प्रश्न आहे आणि वर्ग व्यवस्थापनाच्या बाकी सर्व बाबी त्याच्याशी जोडलेल्या आहेत.

इतिहासात पाहिले तर एका शिक्षकापुढे लहानमोठी मुले एकत्र बसणे हीच जुनी रीत होती. पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. कोणी धूळपाटीवर अक्षरे गिरवत असे, कोणी पावकी-निमकीचे पाढे म्हणत असे, तर कोणी मोडी वळण घोटत असे. पुढे गेलेला मुलगा मागच्याला घोकंपट्टी करून देई. मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथल्या देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे काढताना पाहिली, ती युक्ती आपल्या संस्थेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची व्यवस्था तिला जोडली आणि १७९७ मध्ये तिचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये अशीच शाळा चालवली. पुढे ही मॉनिटर पद्धती ‘इंग्रजी’ सुधारणा म्हणून मुंबई इलाख्यातही आली. आपल्याच घरची वस्तू विलायतेची छाप घेऊन परत यावी, असा हा प्रकार होता. मराठी वर्गातला ‘मॉनिटर’ हा शब्द याच परंपरेतला असला, तरी आज त्याच्याकडे शिकवण्याऐवजी फळ्यावर बडबड्या मुलांची नावे लिहिण्याचे काम उरले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील क्रमिक पुस्तके, ठरावीक परीक्षा आणि शाळा तपासनीस आले, तशा इयत्ता पक्क्या झाल्या आणि अनेक इयत्ता एकत्र बसणे हे उणेपणाचे लक्षण ठरले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक आणि दुसरी खोली देण्याचा प्रयत्न केला. जोडवर्ग मात्र तिच्यानंतरही कायम राहिले.

व्यवस्थापनाचा पहिला निर्णय इयत्तांच्या जोडीचा असतो आणि तोच बहुधा विचार न करता घेतला जातो. पहिली-दुसरी एकीकडे आणि तिसरी-चौथी दुसरीकडे, ही सोयीची वाटणी सर्वत्र दिसते. तिच्यात शेजारच्या इयत्तांचे घटक एकमेकांना जुळतात, हा फायदा आहे. पण पहिली-दुसरी घेणाऱ्या शिक्षकाकडे स्वतः वाचून काम करू शकेल असा एकही गट नसतो, आणि जून-जुलैत पहिलीची मुले अजून रडत, बाहेर पळत असतात तेव्हा दुसरीही वाऱ्यावर सुटते. पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी अशी जोडी केली, तर दोन्ही शिक्षकांना एक वाचता येणारा गट मिळतो आणि मोठी मुले लहानांना हात देऊ शकतात. मात्र दोन इयत्तांतील अंतर वाढल्याने दोघांना एकच धडा सांगणे कठीण होते. काही शाळा भाषा आणि गणितासाठी इयत्ता बाजूला ठेवून मुलांना ती प्रत्यक्ष जिथे आहेत त्या पातळीप्रमाणे बसवतात. चौथीतला जो मुलगा अजून जोडाक्षरांशी अडतो, त्याच्यासाठी हीच व्यवस्था खरी उपयोगी पडते. अट एवढीच की या गटांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ ही नावे चिकटता कामा नयेत आणि गट दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलले पाहिजेत.

बैठकीच्या दृष्टीने बाकांपेक्षा बसकरपट्टी सोयीची, कारण ती क्षणात वळवता येते. दोन इयत्तांना एकमेकांकडे पाठ करून दोन भिंतींकडे तोंड करायला लावले, तर शिक्षकाचा आवाज ज्या गटासाठी आहे त्याच्याकडेच जास्त जातो. त्यासाठी दुसरा फळा हवा. तो नसेल तर भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवून मुलांच्या हाताला येईल असा फळा करता येतो. साहित्य मुलांना स्वतः घेता-ठेवता येईल अशा उंचीवर असणे, ही बाब दिसायला किरकोळ असली तरी जोडवर्गात निर्णायक ठरते. ‘गुरुजी, खडू’, ‘बाई, पाणी’, ‘सर, झालं’ या तीन हाकांमध्ये तासिकेचा केवढा भाग जातो, हे जोडवर्ग सांभाळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

तासिकेची विभागणी साधारण अशी केली जाते. परिपाठानंतरची पहिली तासिका दोन्ही इयत्तांना एकत्र असते आणि तिच्यात गोष्ट, गाणे किंवा गप्पा होतात. त्यानंतरच्या ४० मिनिटांच्या तासिकेत जो गट जास्त वेळ स्वतः काम करू शकतो, त्याला आधी पाच मिनिटांत काम समजावून दिले जाते. मग धाकट्या गटाला पंधरा मिनिटे प्रत्यक्ष शिकवून त्याला सरावाला लावले जाते, पुढची पंधरा मिनिटे थोरल्या गटासाठी असतात आणि शेवटची पाच मिनिटे दोघांचे काम पाहण्यासाठी राखली जातात. हे वेळापत्रक कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात ते स्वयंअध्ययनाचे काम कोणत्या दर्जाचे आहे यावर टिकते किंवा कोसळते. ‘धडा पाच वेळा लिहा’ हे काम मुलांना गप्प ठेवते, पण शिकवत नाही. चांगल्या कामाची खूण अशी, की ते सुरू करायला शिक्षक लागत नाही, ते बरोबर आले की नाही हे मुलाला स्वतःला किंवा जोडीदाराला तपासता येते आणि लवकर संपवणाऱ्यासाठी त्यात पुढची पायरी असते. दहा-दहा मण्यांचे रंग बदलत ओवलेली शतकमाळ, काड्यांचे दशक गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या, मागे उत्तर लिहिलेले शब्दपत्ते किंवा गणितपत्ते, चिंचोके व खेळण्यातल्या नोटा, ही साधने त्यामुळेच जोडवर्गात उपयोगी पडतात.

एकाच विषयावर निरनिराळ्या पातळीचे काम देणे ही या पद्धतीतील सर्वांत फलदायी युक्ती आहे. शाळेच्या व्हरांड्यात मांडलेला बाजार हे त्याचे परिचित उदाहरण. रिकामी खोकी, बाटल्या, भाजीची चित्रे आणि किमतीच्या चिठ्ठ्या मांडल्या की पहिलीचा मुलगा वांगी मोजून देतो आणि दुसरीची मुलगी ५० रुपयांच्या नोटेतून सुटे परत करते. तिसरीतला गट एका नगाच्या किमतीवरून सहा नगांची किंमत काढतो, तर चौथीतला पावकिलो-अर्धाकिलोचा हिशेब करून पावती लिहितो. भाषेतही एकच गोष्ट सर्वांना सांगून पहिलीने तिचे चित्र काढायचे, दुसरीने त्यातील ओळखीचे शब्द निवडून वाक्ये करायची, तिसरीने प्रसंग क्रमाने लावायचे आणि चौथीने दोन पात्रांचा संवाद लिहायचा, असे करता येते. शब्दांच्या भेंड्यांत लहानांना शेवटच्या अक्षरावरून कोणताही शब्द चालतो. मोठ्यांना फक्त नाम किंवा फक्त क्रियापद असा निर्बंध घालावा. आखलेल्या लंगडीच्या चौकटींत धाकटे अंक वाचतात आणि थोरले उड्यांतून तीनचा पाढा म्हणतात. पावसाळ्यात दारात एकसारख्या रुंदीचे भांडे ठेवून रोजचे पाणी पट्टीने मोजले, तर मोजमाप, तक्ता आणि ‘परिसर अभ्यास’ यांची सांगड आपोआप बसते.

शिस्तीविषयी अपेक्षाही इथे बदलाव्या लागतात. बहुवर्ग खोली कधीच पूर्ण शांत नसते. कामाची कुजबुज आणि गोंधळ यांतला फरक ओळखणे हे शिक्षकाचे कौशल्य आहे. एका गटाला शिकवताना दुसऱ्यावर ओरडले की दोन्ही धडे तुटतात. त्यामुळे आवाज चढवण्यापेक्षा टाळीचा ठरलेला ठेका, वर केलेला हात किंवा घंटीचा एक टोला अशा खुणा वापरल्या जातात आणि त्या सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत खेळासारख्या घोटून घ्याव्या लागतात. वरील अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तेव्हा छडीबरोबर सर्वांसमोर नाव घेऊन पाणउतारा करण्याचा मार्गही बंद झालेला आहे. गटप्रमुखाचे काम आठवड्याने फिरते ठेवावे, अन्यथा एकच चुणचुणीत मुलगी वर्षभर बिनपगारी शिक्षिका होते. ‘ताई’ म्हणून लहान मुले तिच्याभोवती जमतात आणि तिचे स्वतःचे गणित तेवढे मागे राहते. शिकवल्याने शिकवणाऱ्याचेही पक्के होते हे खरे असले, तरी त्याला मर्यादा आहे.

महाराष्ट्रात या विचाराला जवळचा असा मोठा प्रयोग बोर्डी आणि कोसबाड येथे झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेत येत नाही, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या, जिथे वयाप्रमाणे इयत्ता पाडणे शक्यच नव्हते. देशात अन्यत्र मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने अभ्यासक्रमाची छोट्या-छोट्या टप्प्यांची शिडी आणि तिच्यासाठी कार्डे तयार केली. प्रत्येक मूल आपल्या पायरीचे कार्ड स्वतः उचलते, अशी ती रचना आहे. तिच्यावर आधारित ‘नली-कली’ हा उपक्रम १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाला आणि पुढे कर्नाटकभर गेला. कोलंबियातील ‘एस्कुएला नुएवा’ हा १९७० च्या दशकातील प्रयोगही खेड्यांतील बहुवर्ग शाळांसाठीच होता. या सर्वांत समान गोष्ट ही, की जोडवर्ग ही स्थिती गृहीत धरून पुस्तकच वेगळे लिहिले गेले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (देखरेखीसाठी केलेल्या शाळांच्या गटाच्या) शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते असे मानून, मुलांना फरशीवर, साहित्यासह, स्वतः शिकते केले आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परतल्यावर अनेक शाळांत फरशीवरचे रंगीत तक्ते आले, पण मुलांच्या हाती काम सोपवण्याची सवय तेवढी आली नाही. रंग विकत मिळतो, सवय लावावी लागते.

या पद्धतीतील सर्वांत मोठा व्यत्यय वर्गाबाहेरून येतो. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला, मतदारयादीच्या कामाला किंवा रजेवर गेला की त्या दिवशी चारही इयत्ता दुसऱ्याकडे येतात. शिवाय पोषण आहाराची नोंद, हजेरी आणि ऑनलाइन माहिती भरणे त्याच्याच वाट्याला असते. अशा दिवसासाठी चारही इयत्तांना चालेल असे तयार काम पेटीत भरून ठेवणे, ही अनुभवी शिक्षकांची रीत आहे. आकारिक मूल्यमापनाच्या (शिकत असतानाच वेळोवेळी केलेल्या मूल्यमापनाच्या) नोंदी प्रत्येक इयत्तेच्या वेगळ्या मागितल्या जातात, त्यामुळे लिखाणही दुप्पट होते. पाठ टाचणाचा नमुना तर बहुतेक ठिकाणी एकाच इयत्तेचा असतो. जोडवर्गाचे शिक्षक मधे रेघ ओढून त्याचे दोन भाग करतात.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये मांडला, तेव्हा ‘चार इयत्तांना दोन शिक्षक म्हणजे गुणवत्ता नाही’ हा युक्तिवाद पुढे आला. विरोध करणाऱ्यांनी ओढे-नाले ओलांडून जाणारी पायवाट, सहा वर्षांच्या मुलाचा प्रवास आणि मुलींची गळती या बाबी मांडल्या, आणि महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, याची आठवण करून दिली. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात बहुवर्ग अध्यापनाचा उल्लेख दोष म्हणूनच झाला. त्यासाठी वेगळी पाठ्यपुस्तके आणि अध्यापक विद्यालयांत वेगळा सराव लागतो, हा मुद्दा त्या चर्चेत फारसा आलाच नाही.