"दहा वाजेपर्यंत कितीही आवाज चालतो" हे खरं नाही

बाजूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दुपारपासून स्पीकर ढणढणतोय आणि बिल्डिंगमधले सगळे सांगतात की दहा वाजू देत, तोवर काही करता येत नाही. अहो असं अजिबात नाहीये! 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसासुद्धा मर्यादा आहे, सकाळी 6 ते रात्री 10 मध्ये 55 डेसिबल आणि रात्री 45, त्यामुळे दुपारी तीनलाही तक्रार होऊ शकते. सरळ 112 लावा. नाव फुटेल म्हणून लोक घाबरतात, पण जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या लाऊडस्पीकरच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. भाडेकरू ऐकत नसतील तर फ्लॅटमालकाला आणि सोसायटीला लेखी द्या, मेंबर मालकच असतो ना!