चौथ्या मात्रेवर काय चालतं?

‘आमच्या अंगातच ताल नाही’ असं साल्साच्या, म्हणजे जोडीने करायच्या लॅटिन नाचाच्या वर्गात नवखी प्रौढ मंडळी हमखास म्हणतात. ठेका खरोखरच न पकडता येणारी माणसं असतात, पण इतकी विरळ की तशा एका तरुणावर २०११ साली स्वतंत्र शोधनिबंध निघाला. बाकीच्यांचं गणित चुकतं ते वेळेचं.

साल्साचं आवर्तन आठ मात्रांचं. पावलं १, २, ३ आणि ५, ६, ७ वर. ४ आणि ८ मोकळ्या. मिनिटाला १८० ठोक्यांचं गाणं धरलं, तर दोन ठोक्यांमध्ये ३३३ मिलिसेकंद मिळतात. काही दिसल्यावर नुसतं बटण दाबायलाच माणसाला २०० ते २५० लागतात. इथे तर अख्खं वजन दुसऱ्या पायावर न्यायचं असतं. म्हणून जोडीदाराचे पाय बघून नाचणारा मागेच राहतो, आणि ठोका ऐकून मग पाऊल उचलणाराही. मेंदू ठोक्याची वाट बघत नाही, अंदाज बांधतो. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठराविक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर, बोट आपटायला सांगितलं की बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या किंचित आधीच पडतं, आणि त्यांना ते जाणवतही नाही!

पण लीड करणाऱ्याने (जोडीतल्या पुढाकार घेणाऱ्याने) आयत्या वेळी गिरकी द्यायची ठरवली, तर फॉलो करणाऱ्याला (त्याच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्याला) अंदाज कुठून येणार? हातातून. साध्या उजव्या गिरकीचा इशारा ३ नंतर, मोकळ्या ४ वर येतो आणि गिरकी ५-६-७ वर होते. म्हणजे ४ ही विश्रांती नव्हेच, ती निरोपाची वेळ आहे.

हा निरोप वाचतात स्नायूंमधले मसल स्पिंडल नावाचे संवेदक. स्नायू अचानक ताणला गेला की साधारण २५ ते ५० मिलिसेकंदांत मज्जारज्जूतूनच पहिलं उत्तर येतं. ५० ते १०० च्या दरम्यान दुसरं येतं, त्यात मेंदूच्या बाह्यकाचाही (बाहेरच्या थराचाही) हात असतो. गंमत या दुसऱ्यात आहे. ‘ढकललं तर विरोध कर’ किंवा ‘सोडून दे’ असं आधी मनाशी ठरवलेलं असेल, त्याप्रमाणे ते बदलतं. हेतू आधीच भरून ठेवलेली प्रतिक्षिप्त क्रियाच म्हणा ना! शिक्षक ‘फ्रेम धरा’ (म्हणजे हात-खांद्यांची ठेवण टिकवा) म्हणून ओरडतात ते याचसाठी. हात लुळा असेल तर ताण धडापर्यंत पोचत नाही. ताठ असेल तर नुसता हिसका पोचतो. शिवाय वजन चुकीच्या पायावर असताना आलेला इशारा कितीही स्पष्ट असो, फुकट जातो, कारण ज्या पायावर उभे आहोत तो उचलता येत नाही.

जाता जाता, ‘नृत्याने डिमेन्शियाचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो’ या फिरत्या दाव्याबद्दल. तो २००३ मधल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांच्या पाहणीतून आला. नाचल्यामुळे स्मृती टिकली, की स्मृती शाबूत असलेलेच नाचत राहिले, हे निव्वळ निरीक्षणातून सुटत नाही. जाहिरातीत अर्थात एवढं लिहायला जागा नसते.