नसबंदीत नेमकं काय बंद होतं?

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘आता ऑपरेशन करून घे’ असं सांगितलं जातं ते सुनेला. मुलाचं नाव कुणी काढलंच, तर ‘त्याला कमजोरी येईल’ म्हणून विषय मिटतो. देशभर हेच चाललंय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुषांचं अवघं ०.३ टक्का. आणीबाणीतल्या सक्तीची दहशतही यामागे आहे, ती खोटी नव्हती. पण कमजोरीची भीती मात्र निराधार आहे.

वृषणांत दोन कामं चालतात. शुक्राणू तयार होतात आणि शुक्रवाहिनीतून पुढे जातात. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकही तिथेच तयार होतं, पण ते थेट रक्तात मिसळतं. दाढीमिशा, स्नायूंची ताकद, कामेच्छा या गोष्टी त्याच्यावर अवलंबून. नसबंदीत डॉक्टर दोन शुक्रवाहिन्या तेवढ्या कापून बंद करतात. संप्रेरकाची वाट मोकळीच राहते. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीत बनतो. अडलेले शुक्राणू शरीर शोषून घेतं.

१९७४ साली चीनमध्ये डॉ. ली शुनचियांग यांनी बिनटाक्याची पद्धत काढली. जागा बधिर करायची, बारीक छिद्रातून वाहिनी बाहेर घ्यायची, बंद करायची. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या ऑपरेशनसाठी पोटात शिरावं लागतं, हे घरात ठरवताना आठवायला हवं.

एक गोष्ट मात्र सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. वाहिनीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून साधारण तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची. त्याआधी दिवस राहिले, तर बायकोवर संशय घेणं हा घोर अन्याय आहे. क्वचित कापलेली टोकं पुन्हा जुळतात, तेव्हा नंतरही शंका आली तर आधी स्वतःची तपासणी करावी.

वाहिन्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नसते. म्हणून आणखी मूल नको हे पक्कं झाल्यावरच हा निर्णय घ्यावा. लैंगिक संसर्गापासून नसबंदी वाचवत नाही, तिथे निरोधच लागतो. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.