डर्बीचा घोडा सप्टेंबरात पुण्याला येतो का? सेंट लेजरच्या वादाची पार्श्वभूमी

देशातल्या पाच क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या, घोडशर्यतींपैकी चार मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होतात आणि एकच पुण्याच्या वाट्याला येते: सप्टेंबरातली २८०० मीटरची सेंट लेजर. ऑगस्ट लागला की एम्प्रेस गार्डनशेजारच्या ट्रॅकवर दरवर्षी एकच विषय निघतो. फेब्रुवारीत डर्बी मारलेला घोडा उतरणार की त्याचं नाव मागे घेतलं जाणार?

मूळ इंग्लंडचं. तिथली सेंट लेजर १७७६ची, म्हणजे डर्बीपेक्षा चार वर्षांनी जुनी. दोन हजार गिनी, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून तिहेरी मुकुट मिळवणारा पहिला घोडा १८५३चा वेस्ट ऑस्ट्रेलियन. आपल्याकडे पुण्यात लष्कराच्या जमिनीवर १८३०पासून घोडे धावत होते, पण बराच काळ मान होता अरबी आणि आयात घोड्यांना. भारतात जन्मलेल्या घोड्यांसाठी क्लासिक मालिका सुरू झाली १९४०च्या दशकात. १९४३ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली.

गुंता आहे तो कॅलेंडरचा. इंग्लंडमध्ये तिन्ही शर्यती एकाच उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी होतात. आपल्याकडे दोन हजार गिनी डिसेंबरात, घोडा तीन वर्षांचा असताना. १ जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एकदम एका वर्षाने वाढतं, म्हणून फेब्रुवारीतल्या डर्बीला तोच घोडा चार वर्षांचा धरला जातो. मार्चच्या सुमाराला इन्व्हिटेशन कप, तोही डर्बीसारखाच २४०० मीटरचा आणि दर वर्षी वेगळ्या शहरात. मग मुंबईचा हंगाम संपतो, घोडे ट्रकने घाट चढून पुण्याला येतात आणि पावसाळी हंगाम सुरू होतो. तिहेरी मुकुटाचा शेवटचा टप्पा असा डर्बीनंतर सात महिन्यांनी, दुसऱ्या शहरात आणि वेगळ्या जमिनीवर पडतो. घोड्याचं काम एकदा थांबवून त्याला पुन्हा पहिल्यापासून तयार करावं लागतं.

हे काम सोपं नाही. मार्चनंतर काही आठवडे नुसतं चालवणं, मग ट्रॉट (दुडकी चाल), मग लांब आणि संथ कँटर (हलकी दौड). सप्टेंबरच्या मध्यावरून उलटं मोजलं तर जूनच्या शेवटी गंभीर काम सुरू झालेलं असावं लागतं, आणि शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी २००० मीटरच्या आसपासची एक शर्यत पदरात असली तर उत्तम. पुण्यात अडचण पावसाची. जमीन भिजली की गवताचा ट्रॅक कामाला देत नाहीत, ठरलेला गॅलप, म्हणजे वेगवान सराव-दौड, हुकतो आणि वाळूवर भागवावं लागतं. २४०० मीटरच्या घोड्याचे एक-दोन गॅलप हुकले तर निभावतं. २८००च्या घोड्याचा दम मात्र त्याच गॅलपांतून तयार होत असतो.

जमीन मोजतात पेनेट्रोमीटरने. एक किलोचं वजन एक मीटर उंचीवरून तीनदा सोडायचं आणि दांडा किती सेंटीमीटर रुतला ते पाहायचं. आकडा वाढला म्हणजे जमीन मऊ. मऊ जमिनीत खूर रुततो, तो उपसून काढताना पुढच्या पायाच्या टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) ताण येतो, आणि टेंडन गेलं की अख्खं वर्ष गेल्यात जमा. म्हणून सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, रोज पहाटे, घोडा बाहेर काढण्याआधीच, दोन्ही पुढच्या पायांच्या नळीमागून हात फिरवतो. एका पायाला किंचित जरी जास्त ऊब लागली तरी त्या दिवशी काम बंद. हा नियम ज्यांनी मोडला त्यांचे घोडे सप्टेंबरपर्यंत पोहोचले नाहीत.

मालकांकडून नाव मागे घेताना कारण दिलं जातं ते बहुधा स्टडचं: घोडा आता पैदाशीला न्यायचा आहे. हे कारण या शर्यतीला लागू पडत नाही. घोड्या लावण्याचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यापासून साधारण मेपर्यंतचा. डर्बी होताच निवृत्त केलेल्या घोड्याला तो मोसम मिळतो, हे खरं. पण मार्चपर्यंत पळवून मग थांबवलेल्या घोड्याने त्यातला मोठा भाग तसाही गमावलेला असतो, आणि सप्टेंबर तर दोन मोसमांच्या मधे पडतो. खरी भीती हरण्याची. २८००ला हरलेल्या डर्बी विजेत्याची किंमत उतरते आणि जिंकलेल्याची तितकी चढत नाही, कारण खरेदीदाराला १२०० ते १६०० मीटरचा वेग हवा असतो.

नाव मागे घेणारे १९७०च्या निजिन्स्की या घोड्याचाही दाखला देतात. इंग्लंडचा तिहेरी मुकुट त्यानंतर कुणाला मिळालेला नाही. सेंट लेजरआधी त्याला गजकर्ण झालं होतं. तरी तो धावला, जिंकला आणि पुढच्याच महिन्यात पॅरिसला आर्क या मोठ्या शर्यतीत थोडक्यात हरला. दोष लेजरला दिला गेला. पण त्याला दोन शर्यतींमध्ये काही आठवडेच मिळाले होते. आपल्या घोड्यांना डर्बीनंतर सात महिने मिळतात, त्यामुळे हा दाखला इथे अर्धाच लागू होतो.

नाव मागे घेतलं की घोड्याला उरतं काय, याचा विचार कमी होतो. हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवणाऱ्या शर्यतीत, रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो वजन. डर्बी विजेत्याचं रेटिंग इतकं चढलेलं असतं की वीस गुण खालच्या घोड्याला तो दहा किलो सवलत देतो. सेंट लेजरला वजन सारखं, माद्यांना फक्त दीड किलो कमी. चार वर्षांच्या उत्तम घोड्याला न्याय्य वजनावर पळण्याच्या संधी पावसाळ्यात मोजक्याच, आणि त्यांतली सर्वांत मोठी हीच. १९ पैकी १८ शर्यती जिंकणारा स्क्वाँडरर किंवा २३ पैकी २२ जिंकणारा इल्युसिव्ह पिम्परनेल यांची नावं अजून निघतात ती ते पुन्हा पुन्हा मैदानात उतरले म्हणून.

अलीकडे गणित आणखी बदललं. जुलै २०१७पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५मध्ये तो ४० टक्के झाला. बक्षिसाचा पैसा पैजेच्या उलाढालीतून येतो, त्यामुळे घोडा आणखी सहा महिने पोसून तयार ठेवण्याचा खर्च बक्षिसातून निघणं अवघड झालं आहे. त्यावर दोन उपाय सुचवले जातात: अंतर कमी करा, किंवा मोठ्या वयाच्या घोड्यांना प्रवेश द्या. फ्रान्सने आपली सेंट लेजर १९७९मध्ये आणि आयर्लंडने १९८३मध्ये मोठ्या घोड्यांना खुली केली. तिथे स्पर्धा वाढली, पण फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची क्लासिक हे तिचं रूप उरलं नाही. जपानने मात्र तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ३००० मीटर तसंच ठेवलं आणि तिथे क्योटोला आजही गर्दी लोटते. पुण्याने जपानचाच मार्ग धरावा. अंतराला हात न लावता बक्षीस वाढवावं, आणि दोन हजार गिनी व डर्बी जिंकून येणाऱ्या घोड्यासाठी वेगळा बोनस आधीच जाहीर करावा, म्हणजे मार्चमध्ये घोडा थांबवायचा की नाही हे ठरवताना मालकासमोर तो आकडा असेल.